गांडूळ, देवगांडूळ आणि वाळा : सजीवाची ओळख व वर्गीकरण घरच्या घरी कसे करावे

जून महिन्यात पहिले दोन-तीन दमदार पाऊस पडून गेले, की कुळागरात पोफळींची आळी मोकळी करताना किंवा परसातील कुंड्या हलवताना मातीतून एखादा बिनपायाचा, काळपट, लांबट जीव वळवळत बाहेर येतो. घरातील एक जण त्याला गांडूळ म्हणतो, दुसरा सापाचे पिल्लू समजून काठी शोधू लागतो, आणि शाळेत जाणारे मूल ‘हा नेमका कोण?’ असे विचारून दोघांनाही अडचणीत आणते. गोव्याच्या मातीत असा दिसणारा जीव गांडूळ असू शकतो, देवगांडूळ असू शकतो किंवा वाळाही असू शकतो. दिसायला हे तिघे भावंडे वाटतात. प्रत्यक्षात देवगांडूळ आणि वाळा हे गांडुळापेक्षा आपल्याला, म्हणजे माणसाला, अधिक जवळचे आहेत.

त्या मुलाला उत्तर देण्यासाठी जाडजूड ग्रंथांची गरज नाही, मात्र प्रश्न योग्य क्रमाने विचारावे लागतात. प्रथम शरीराची रचना पाहावी, नंतर अन्न मिळवण्याची व प्रजननाची रीत पाहावी, आणि राहण्याचे ठिकाण, रंग व माणसाला होणारा उपयोग हे प्रश्न अगदी शेवटी घ्यावेत. आपली रोजची भाषा नेमकी उलट चालते. ‘मासळी’, ‘झाड’, ‘किडा’, ‘जनावर’ हे शब्द उपयोगावरून किंवा वावरण्याच्या जागेवरून पडलेले आहेत. जीवशास्त्रातील गट मात्र नात्यावरून, म्हणजे पूर्वज किती जवळचा यावरून ठरतात. वर्गीकरणातील बहुतेक चुका या दोन पद्धतींची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

तयारी

एक वही, दहा पट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी आणि मोबाइलचा कॅमेरा एवढे साहित्य पुरते. छायाचित्र वरून, बाजूने आणि शक्य असल्यास पोटाकडून घ्यावे, आणि आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी नाणे ठेवावे. वहीत नावाच्या आधी लक्षणे लिहावीत, हा नियम मी स्वतः ठेच लागल्यावर शिकलो. माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत नुसती नावे होती. पुढे त्यांतील काही चुकीची निघाली तेव्हा मूळ जीव कसा होता याची एकही खूण कागदावर नव्हती आणि ती सारी वही निरुपयोगी ठरली. जीव हाताळू नये, पाहून झाल्यावर तो जिथला तिथे राहू द्यावा, आणि म्हादई, मोले, नेत्रावळी यांसारख्या अभयारण्यांतून काहीही उचलून आणू नये, कारण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा ठरू शकतो.

सजीव आहे का?

हा प्रश्न पोरकट वाटला तरी तो टाळू नये. पेडण्यातील आगरवाड्यासारख्या ठिकाणी मिठागरात मिठाचे स्फटिक दिवसागणिक वाढताना दिसतात, म्हणून मीठ सजीव ठरत नाही. त्या वाढीत केवळ बाहेरून थर चढतो. सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते, ते अन्नातून ऊर्जा मिळवते, टाकाऊ पदार्थ बाहेर टाकते, बाह्य बदलाला प्रतिसाद देते, आतून वाढते आणि आपल्यासारखा दुसरा जीव निर्माण करते. यांपैकी एखादे लक्षण एखाद्या जीवात दिसत नाही एवढ्यावरून निकाल देऊ नये. खेचराला सहसा संतती होत नाही, तरी ते सजीवच आहे. कणगीतले भाताचे बियाणे महिनोन्महिने निपचित असते, तरी त्याच्या पेशी जिवंत असतात. विषाणू मात्र या कसोटीच्या उंबरठ्यावर अडकतो, कारण त्याला स्वतःची पेशी नसते आणि दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याखेरीज त्याची संख्या वाढत नाही. म्हणूनच नेहमीच्या सृष्टींच्या यादीत त्याला स्थान दिलेले नाही.

कोणती सृष्टी?

शाळेत शिकवली जाणारी पाच सृष्टींची मांडणी रॉबर्ट व्हिटेकर यांनी 1969 मध्ये केली: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी. पुढे 1990 मध्ये कार्ल वूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सृष्टीच्याही वर जीवाणू, आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या वंशाचे सूक्ष्मजीव) आणि दृश्यकेंद्रकी (पेशीत आवरण असलेले केंद्रक असणारे) असे तीन मोठे विभाग मांडले. मुलाच्या पुस्तकात एक आणि इंटरनेटवर दुसरेच दिसले, तर त्याचे कारण हे आहे. घरच्या कामासाठी पाच सृष्टी पुरेशा आहेत.

भिंगाखालीही न दिसणाऱ्या जीवांबाबत घरी फार काही करता येत नाही. दह्यातील जीवाणू मोनेरात जातात, कारण त्यांच्या पेशीत आवरण असलेले केंद्रक नसते. सान्ना, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या वड्या, फुगवण्यासाठी घातलेल्या सुरेतील (माडीतील) किण्व (यीस्ट) एकपेशीय असले तरी त्याला केंद्रक असते आणि ते कवकांत मोडते, एवढे लक्षात ठेवून पुढे जावे.

डोळ्यांना दिसणाऱ्या जीवाला मात्र एकच प्रश्न विचारावा: हा अन्न कसे मिळवतो? सूर्यप्रकाशात स्वतः तयार करतो, दुसऱ्याचे अन्न शरीराबाहेर विरघळवून शोषून घेतो, की गिळून आत पचवतो? पहिला वनस्पती, दुसरा कवक, तिसरा प्राणी. या प्रश्नालाही अपवाद आहेत. कुंपणावर पसरलेल्या पिवळट अमरवेलीत हिरवेपणा नावालाच असतो आणि ती दुसऱ्या झाडाचा रस शोषते. तरी तिला फुले आणि बिया येतात, म्हणून ती वनस्पतीच आहे. आंब्याच्या खोडावर राखाडी चट्ट्यांसारखे वाढणारे दगडफूल हा तर एकटा जीवच नव्हे. ते कवक आणि शैवाल यांचे सहजीवन आहे, आणि त्याचे शास्त्रीय नाव त्यातील कवकावरून दिले जाते.

पावसाळ्यात सत्तरीच्या रानांतून येणारी रोयणीवरची (वारुळावरची) अळमी, म्हणजे अळंबी, आपण भाजीच्या यादीत घालतो, परंतु ती वनस्पती नाही. तिच्यात हरितद्रव्य नसते आणि तिच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात. हाच पदार्थ सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, कवचातही आढळतो. नात्याने पाहिल्यास कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहेत. अळमीचा हा प्रकार रोयणीतील वाळवी स्वतः आत जोपासते, त्यामुळे रोयण नष्ट झाली की अळमीही जाते. सातेरी देवीच्या रूपाने रोयणीची पूजा करणाऱ्या या भूमीत हे सांगण्याची खरे तर गरज नसावी. मात्र येथे दिलेल्या माहितीच्या बळावर कोणतीही अनोळखी अळमी खाण्याचे धाडस करू नये. अळमी हे कवक आहे एवढे ठरल्याने ती विषारी नाही असे ठरत नाही.

वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणण्याची चूकही येथेच दुरुस्त करून घ्यावी. पावसाळी संध्याकाळी दिव्याभोवती पंख असलेले कीटक जमतात, तेव्हा भिंग घेऊन बसावे. चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड आणि मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या असतील तर ती वाळवी. पुढचे पंख मोठे, कंबर अगदी बारीक आणि मिशा कोपरात वाकल्यासारख्या असतील तर ती मुंगी. मुंगीचे नातेवाईक गांधीलमाशी आणि मधमाशी आहेत, तर वाळवीचे सर्वांत जवळचे नातेवाईक झुरळ आहे.

मासळीच्या टोपलीवर सराव

प्राण्यांचे वर्गीकरण शिकण्यासाठी म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारासारखी प्रयोगशाळा नाही. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात तिथे निवड थोडी कमी असते, म्हणून हा सराव त्याआधी किंवा नंतर करावा. एक बांगडा, मोरीचे (शार्कचे) एक पिल्लू, चार सुंगटे, एक कुर्ली (खेकडा), मूठभर तिसऱ्या (शिंपले) आणि एक माणकी (स्क्विड) एवढे घ्यावे. बाजारात या सर्वांना मिळून मासळी म्हणतात. आपण त्यांची विभागणी करणार आहोत आणि नंतर अर्थातच जेवणार आहोत.

पहिला प्रश्न: पाठीचा कणा आहे का? बांगडा आणि मोरी एका बाजूला जातात, बाकी सारे दुसऱ्या बाजूला. आता बांगडा आणि मोरी यांचे कल्ले पाहावेत. बांगड्याच्या कल्ल्यांवर हाडाचे झाकण असते. मोरीच्या डोक्यामागे दोन्ही बाजूंना उघड्या फटी ओळीने दिसतात. बांगड्याचा सांगाडा हाडांचा, मोरीचा कूर्चेचा, म्हणूनच मोरी कापताना सुरी काट्यांत अडकत नाही. दोन्ही माशांचे हे वर्ग फार प्राचीन काळापासून वेगळे झालेले आहेत.

दुसऱ्या बाजूला प्रश्न असा: पायांना सांधे आहेत का आणि अंगावर कडक आवरण आहे का? सुंगटे आणि कुर्ल्या येथे वेगळ्या होतात. ते संधिपाद आहेत. दोघांच्याही चालण्याच्या पायांच्या पाच-पाच जोड्या मोजता येतात, त्यांत कुर्लीच्या नांग्यांची जोडी धरावी, आणि म्हणूनच दोघे एकाच गणात, दशपादांत, बसतात. कुर्लीला शेपटी नसते असे वाटते, पण तिला उलटी करून पाहिल्यास पोटाखाली दुमडलेली शेपटी दिसते. नराची अरुंद असते, मादीची रुंद. सुंगटे ही बांगड्यापेक्षा झुरळाची जवळची नातेवाईक आहेत, ही गोष्ट मुलांना जेवणानंतर सांगावी, आधी सांगू नये.

उरल्या तिसऱ्या आणि माणकी. दोघांचेही अंग मऊ, सांधे नाहीत, वलये नाहीत. हे मृदुकाय संघातील प्राणी. तिसरीचे कवच बाहेर, दोन शिंपांचे. माणकीचे कवच आत, पारदर्शक पात्यासारखे, जे साफ करताना आपण ओढून फेकून देतो. माणकीला आठ बाहू आणि दोन लांब शुंडके मिळून दहा अवयव असतात, आणि दहाचा आकडा पाहून अनेक विद्यार्थी तिला सुंगटांच्या शेजारी बसवतात. ही चूक बोधप्रद आहे: संख्या जुळली म्हणून नाते जुळत नाही, रचना जुळावी लागते. माणकीच्या बाहूंना सांधे नाहीत, एवढ्यावरच तो दावा संपतो.

हेच प्रश्न वहीत क्रमाने लिहून ठेवले, प्रत्येकाला ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोनच वाटा ठेवल्या आणि प्रत्येक वाटेच्या टोकाला पुढचा प्रश्न किंवा गटाचे नाव लिहिले, की ओळख पटवण्याची किल्ली तयार होते. चांगल्या प्रश्नाचे उत्तर समोरच्या नमुन्यावर कोणालाही तपासता येते. ‘मोठा आहे की लहान’ हा वाईट प्रश्न आहे, कारण कशापेक्षा मोठा हे त्यात सांगितलेले नाही. ‘कल्ल्यांवर हाडाचे झाकण आहे का’ हा चांगला प्रश्न आहे. किल्ली तयार झाल्यावर ती शेजारच्या घरात देऊन पाहावी. तुमच्या मदतीशिवाय त्यांना सुंगट संधिपादांत नेता आले नाही, तर दोष त्यांचा नसून प्रश्नाचा आहे.

समुद्रावर गेल्यास याच किल्लीचा विस्तार करता येतो. लाटांतून वर येणारा डॉल्फिन मासा नाही, याची सर्वांत सोपी खूण शेपटीत आहे: माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते, डॉल्फिनची आडवी असते आणि वर-खाली हलते. तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो, म्हणून सस्तन. पावसाळ्यात किनाऱ्यावर वाहून येणारा निळसर फुगा, ज्याला पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर म्हणतात, तो जेलीफिशही नाही. तो अनेक लहान जीवांची जोडलेली वसाहत आहे. त्याचा अभ्यास दुरूनच करावा, कारण मेलेल्या फुग्याचे धागेही दंश करतात.

मातीतले ते तिघे

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. समोरच्या जिवाला हात न लावता, रुंद पानावर किंवा सुपलीत घेऊन भिंगाने पाहावे.

अंगावर खवले आहेत का, हा पहिला प्रश्न. अंग कोरडे, गुळगुळीत, चकाकणारे असून त्यावर बारीक खवले दिसत असतील, तोंडातून अधूनमधून जीभ बाहेर येत असेल आणि शेपटीच्या टोकाला सूक्ष्म काट्यासारखे टोक असेल, तर तो वाळा. हा बिनविषारी साप आहे. वीतभरापेक्षा फारसा मोठा होत नाही, मुंग्या-वाळवीची अंडी व अळ्या खातो, आणि त्याचे डोळे खवल्यांखाली दोन काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. आपल्याकडे सर्रास सापडणाऱ्या जातीत केवळ माद्या असतात आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. त्यामुळे कुंडीच्या मातीतून एकच वाळा परदेशी गेला तरी तिथे त्याची वस्ती होऊ शकते आणि तशी ती जगभर झालेली आहे.

खवले नसून अंग ओलसर असेल आणि त्यावर वलये असतील, तर तो गांडूळ किंवा देवगांडूळ. येथे घाई करू नये, कारण वलये दोघांनाही असतात. देवगांडुळाला स्पष्ट डोके व जबडा असतो, जबड्यात दात असतात, डोळे कातडीखाली अंधुक दिसतात आणि डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये एक अतिसूक्ष्म संवेदक असतो. त्याला पाठीचा कणा असतो, त्यामुळे तो गांडुळासारखा आखडून आखूड होत नाही, तर सापासारखी वळणे घेत सरकतो. तो उभयचर आहे, म्हणजे बेडकाचा बिनपायाचा नातेवाईक. गांडुळाला कणा, जबडा आणि डोळे यांपैकी काहीच नसते. प्रौढ गांडुळाच्या अंगावर पुढच्या भागात एक जाडसर फिकट पट्टा दिसतो, आणि ते वलयी संघात जाते. देवगांडुळे पश्चिम घाटाचे वैभव आहेत. 2007 मध्ये वर्णन झालेल्या दोन जातींच्या नावांत गोवा आणि म्हादई यांचा उल्लेख आहे, हे काठी शोधणाऱ्याला आवर्जून सांगावे.

तरीही बिनपायाचा जीव जाड, त्रिकोणी डोक्याचा किंवा पट्टेरी असेल, तर भिंग खाली ठेवून दूर व्हावे आणि वनखात्याला किंवा जाणकार सर्पमित्राला कळवावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप गोव्यात आहेत आणि वर्गीकरणाच्या सरावासाठी त्यांची निवड करू नये.

माड हे झाड आहे का?

2016 मध्ये गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातील व्याख्येतून माड वगळला गेला, त्यावर मोठा वाद झाला आणि 2017 मध्ये तो पुन्हा वृक्षांत घेण्यात आला. त्या वादात माड गवताच्या नात्यातला आहे, हे विधान अनेकदा ऐकू आले. विधान चुकीचे नव्हते, त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. माड एकबीजपत्री आहे: पानांच्या शिरा समांतर, मुळे तंतुमय, आणि आंब्याच्या खोडाप्रमाणे वर्षानुवर्षे जाडी वाढवणारा थर त्याच्या खोडात नसतो. पोफळ त्याच्याच कुलातली, भात आणि बांबू दूरचे पण त्याच बाजूचे. परंतु ‘वृक्ष’ हा जीवशास्त्रातील नात्याचा गटच नाही; उंच, एकखोडी, दीर्घायुषी अशा वाढीच्या ढबीचे ते नाव आहे. खारफुटीचेही तसेच: चोडणच्या पक्षी अभयारण्यात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या खारफुटीच्या झाडांची कुले भिन्न आहेत, केवळ खाऱ्या चिखलात राहण्याची कला त्यांनी वेगवेगळ्या वाटांनी कमावली आहे. त्यामुळे वहीत ‘वृक्ष’ किंवा ‘खारफुटी’ लिहायचे असल्यास ते राहणीच्या रकान्यात लिहावे, गटाच्या रकान्यात नाही.

नाव कसे लिहावे

सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशा पायऱ्या उतरत आल्यावर शेवटच्या दोन पायऱ्यांची नावे मिळून जिवाचे शास्त्रीय नाव होते. ही द्विनाम पद्धती स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी रूढ केली. वनस्पतींच्या नावांची गणना त्यांच्या 1753 च्या आणि प्राण्यांच्या नावांची 1758 च्या ग्रंथापासून धरली जाते. रोमन लिपीत लिहिताना प्रजातीचे पहिले अक्षर मोठे, जातीचे लहान आणि दोन्ही शब्द तिरप्या ठशात, हाताने लिहिल्यास अधोरेखित करावेत.

या नावाची गरज का, ते गवा रेडा या शब्दावरून कळते. आपला हा राज्यप्राणी बॉस गॉरस, म्हणजे गाईच्या प्रजातीतला. म्हैस व रेडा मात्र बुबॅलस या वेगळ्या प्रजातीत आहेत. खवले मांजर हे मांजराच्या गणातही नाही. शास्त्रीय नावही डोळे झाकून वाचू नये: भिरंडाचे, म्हणजे कोकमाचे, नाव गार्सिनिया इंडिका आहे आणि गोव्यात राहून इथल्या औषधी वनस्पतींवर 1563 मध्ये ग्रंथ छापणारे गार्सिया द ओर्ता यांच्यावरून ते पडले, असा समज सहज होतो; प्रत्यक्षात ते लॉरां गार्सां या दुसऱ्याच निसर्ग अभ्यासकाच्या स्मरणार्थ आहे. मानकुराद, मुसराद, फेर्नांदीन हे आंब्याचे वाण आहेत, जाती नव्हेत. सर्वांचे शास्त्रीय नाव मँगिफेरा इंडिका हेच राहते. काजू त्याच कुलातला असल्याचे आंब्याच्या चिकाने आणि काजूच्या टरफलातील तेलाने ज्याचे ओठ कधी भाजले आहेत त्याला वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

मोबाइलवरील आयनॅचरलिस्टसारखी ॲप छायाचित्रावरून नाव सुचवतात आणि त्यांचा उपयोग अवश्य करावा, पण सुचवलेले नाव आपल्या लक्षणांच्या यादीशी पडताळून पाहिल्याखेरीज वहीत उतरवू नये. जातीपर्यंत पोहोचण्याचा हट्टही धरू नये. पुरावा जिथे संपतो त्या पायरीवर थांबून तसे लिहिणे हीच शास्त्रशुद्ध नोंद होय. कुळागरातल्या त्या तिघांच्या माझ्या नोंदी अशा आहेत: वाळा, इंडोटिफ्लॉप्स ब्रामिनस, जातीपर्यंत, देवगांडूळ, जिम्नोफिओना, गणापर्यंत, गांडूळ, वलयी, संघापर्यंत. शेवटच्या दोन नोंदींपुढे दोन-दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या आहेत आणि नाव पेन्सिलने लिहिले आहे.